तपकिरी केसांच्या शेजारी

लग्नसराईच्या दिवसांत कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर आईबरोबर किंवा थोरल्या बहिणीबरोबर साडीखरेदीला गेला असाल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो, दुकानदार एकेक घडी मोडत असतो, शेवटी एक साडी पसंत पडते. मग घरातली एखादी अनुभवी मावशी ती साडी उचलते आणि दुकानाच्या दारात, रस्त्यावरच्या उजेडात नेऊन पाहते. पुष्कळदा ती मान हलवीतच परत येते. "आत अंजिरी वाटत होती, बाहेर विटकरी दिसते." मग साडी बहिणीच्या खांद्यावर टाकून, तिची वेणी पुढे घेऊन पुन्हा एकदा पाहिले जाते आणि कोणीतरी निकाल देते, "हिचे केस पिंगट आहेत, हिला हा रंग खुलत नाही."

मावशीने प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकले नसेल, पण तिने केलेले हे दोन प्रयोगच आहेत. पहिल्यात तिने साडी तीच ठेवून उजेड बदलला. दुसऱ्यात उजेड तोच ठेवून रंगाचा शेजार बदलला. दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. निकाल मात्र नेहमीच बरोबर असतो असे नाही, आणि तो का चुकतो हे समजून घेण्यासारखे आहे. लग्नानंतर बहीण आणि भावोजी चार दिवस पन्हाळ्याला जाणार आहेत (पुस्तकी भाषेत ज्याला मधुचंद्र म्हणतात तो हाच) आणि बॅगेत कोणत्या रंगाचे कपडे भरावेत ह्यावर घरात खल चालू आहे, असे समजा. ह्या प्रश्नात विज्ञान किती आणि नुसती सवय किती, ते आपण पाहू.

प्रथम केसांकडे वळू. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केरॅटिनला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. केस पिकला की पांढरा दिसतो तो ह्यामुळेच. रंग येतो तो मेलॅनिन ह्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांमुळे. मेलॅनिनचे दोन प्रकार आहेत. एक काळसर-तपकिरी, त्याला यूमेलॅनिन म्हणतात. दुसरा तांबूस-पिवळा, तो फिओमेलॅनिन. काळ्याभोर केसात यूमेलॅनिन ठासून भरलेले असते. तपकिरी केसात बहुतेक करून तेच द्रव्य असते, पण कमी प्रमाणात. म्हणजे तपकिरी केस हा काही निराळ्या जातीचा केस नव्हे.

आपल्याकडे काही घराण्यांत केस जन्मतःच पिंगट असतात. काहींचे उन्हाने तसे होतात, कारण उन्हातील अतिनील किरणांनी मेलॅनिन हळूहळू नष्ट होते. मेंदी लावणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. मेंदीच्या पानातील लॉसोन हे नारिंगी-तांबूस द्रव्य केरॅटिनला चिकटून बसते. पांढऱ्या केसावर ते भडक नारिंगी दिसते, काळ्या केसावर मात्र उन्हात गेल्याशिवाय कळतही नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो. एखाद्या लहान मुलाचे काळे केस तांबूस, विरळ आणि निस्तेज होऊ लागले, तर ते आहारातील प्रथिनांच्या तुटवड्याचे लक्षण असू शकते. त्या मुलाला डॉक्टरांना दाखवले पाहिजे. तेथे कपड्याचा रंग नव्हे, ताटातले अन्न पाहायचे असते.

आता एक कोडे. इंद्रधनुष्यात तपकिरी रंग कोठे असतो? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, सगळे सापडतील. तपकिरी सापडणार नाही. लोलकातून सूर्यप्रकाश पाडा, वर्णपट कितीही लांब पसरवा, तरी तपकिरी पट्टा दिसत नाही. आपल्या भाषेनेही ह्या रंगाला नाव दिले ते एका वस्तूवरून, नाकात ओढायच्या तपकिरीवरून. कोल्हापूरहून दक्षिणेला निपाणीचा तंबाखूचा बाजार आहे. तिकडच्या वाचकांना हा रंग डोळे मिटूनही आठवेल.

मग हा रंग आहे तरी काय? करून पाहा. काळ्या कागदाची वीतभर लांब, दोन बोटे रुंद नळी करा. एक गुळगुळीत तपकिरी कागद किंवा पुठ्ठा भर उन्हात ठेवा. सूर्याकडे न पाहता नळी एका डोळ्याला लावा, दुसरा डोळा मिटा आणि नळीतून फक्त त्या पुठ्ठ्याचा तुकडा दिसेल असे पाहा. आजूबाजूला नळीचा काळोख, मध्ये पुठ्ठा. थोड्या वेळाने तो तपकिरी न वाटता मळकट नारिंगी वाटू लागेल. नळी दूर करा, पांढरी भिंत आणि स्वच्छ आकाश शेजारी आले, की पुठ्ठा पुन्हा तपकिरी!

पुठ्ठ्याकडून डोळ्यात येणारा प्रकाश दोन्ही वेळा तोच होता. तो मुख्यतः नारिंगी भागातला, म्हणजे साधारण ५९० ते ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. नारिंगी पृष्ठभाग शेजारच्या वस्तूंपेक्षा बराच मंद असला की आपण त्याला तपकिरी म्हणतो. तपकिरी रंग शेजाऱ्यांवाचून जगूच शकत नाही. म्हणून तपकिरी केसांशेजारी काय शोभेल हा प्रश्न काळ्या केसांच्या प्रश्नाहून अधिक रंजक आहे. कापड बदलले की केसही थोडे 'बदलतात'.

ह्या शेजाराचा नीट अभ्यास करणारा पहिला शास्त्रज्ञ म्हणजे मिशेल यूजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. तो १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली वयाच्या १०३व्या वर्षी वारला. चरबी आणि साबण ह्यांच्या रसायनशास्त्रात त्याने मोठे काम केले होते. १८२४ साली त्याची पॅरिसच्या गोबलँ ह्या प्रसिद्ध सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथे भिंतीवर टांगायचे चित्रपट विणले जात. विणकरांची तक्रार आली की कारखान्यात रंगवलेली काळी लोकर पुरेशी काळी नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना ती फिकी पडते. शेव्रलने इतर ठिकाणची उत्तम काळी लोकर मागवून तुलना केली. काही फरक नव्हता. रंगाई निर्दोष होती, दोष होता शेजाराचा. निळ्याजवळ ठेवलेला काळा धागा किंचित तांबूस, गंजल्यासारखा दिसत होता.

ह्यातून त्याने एक नियम बांधला आणि १८३९ साली त्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगांच्या एककालिक विरोधाचा नियम, असे त्याचे भारदस्त नाव आहे. आपण त्याला शेजाराचा नियम म्हणू. दोन रंग शेजारी ठेवले, की प्रत्येक रंग दुसऱ्याला स्वतःपासून दूर ढकलतो. उजळ रंग शेजारच्या गडद रंगाला अधिक गडद करतो. आणि प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या पूरक रंगाची झाक टाकतो. पूरक रंग कोणता, हे डोळाच सांगतो. नारिंगी कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि लगेच पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवा. निळसर डाग दिसेल. नारिंगीचा पूरक निळा, हिरव्याचा तांबूस-गुलाबी, पिवळ्याचा निळा-जांभळा, असे साधारण समजा.

त्या ग्रंथात बागेतील फुलांपासून घरातील पडद्यांपर्यंत सगळे आहे, आणि स्त्रियांच्या पोशाखावर व केसांवरही एक भाग आहे. सोनेरी केसांना आकाशी रंग आणि काळसर केसांना पिवळा किंवा नारिंगी-तांबडा शोभतो, असे तो म्हणतो. त्याचे कारण उघड आहे. सोनेरी केस हे फिक्या नारिंगी छटेचे. शेजारी निळा आला की ती छटा उठते. आपले तपकिरी केस म्हणजे गडद नारिंगी. तेव्हा मोरपंखी, आकाशी, चिंतामणी ह्या रंगांशेजारी त्यांच्यातील तांबूस चमक वाढेल, आणि नारिंगी किंवा केशरी साडीशेजारी तेच केस राखट, मळके वाटतील. गुलबक्षी साडीमुळे त्यांच्यात हिरवट झाक आल्याचा भास होतो, तर गर्द हिरवी साडी त्यांना तांबूस करते. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी केस जवळजवळ काळे भासतात. हा नियम भावोजींनाही लागू आहे; खरेदीच्या वेळी तेवढे लोक विसरतात.

पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. ह्या प्रयोगाला कोणाचे केस कापायची गरज नाही. नारळाची शेंडी घ्या! ती तपकिरी आहे, तंतुमय आहे, आणि विंचरलीत तर चांगली वेणी होते. घरातले पाच-सहा एकरंगी ब्लाउजपीस किंवा घोटीव कागद मांडा आणि एकाच शेंडीच्या सारख्या जुड्या करून प्रत्येकावर एकेक ठेवा. आता पाच मित्रांना एकेकटे बोलवा. कोणती जुडी सर्वांत तांबूस, कोणती सर्वांत काळी, कोणती सर्वांत फिकी, हे प्रत्येकाने न बोलता वहीत लिहायचे. न बोलता ही अट महत्त्वाची आहे. एकाने मोठ्याने 'ही' म्हटले की उरलेल्या चौघांचे डोळे त्याच्या बाजूने पाहू लागतात. साडीच्या दुकानातही हेच होते. मग जुड्यांची अदलाबदल करा आणि पुन्हा विचारा. उत्तरे जुडीबरोबर हलली तर फरक शेंडीत होता. कापडाबरोबर राहिली तर फरक शेजाराचा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात पाऊण तासात करून घेता येईल.

डोळा असे का करतो? दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दाटीने बसलेल्या असतात, आणि त्यांचे संदेश पुढे जाण्याआधी एकमेकांत मिसळतात. एका ठिकाणची पेशी उत्तेजित झाली की ती आजूबाजूच्यांचा आवाज थोडा दाबते. अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टलाइन ह्याने घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून हे दाखवून दिले, आणि दृष्टीच्या संशोधनासाठी १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. माणसाच्या डोळ्यात तर तांबड्याविरुद्ध हिरवा आणि निळ्याविरुद्ध पिवळा अशा जोड्यांनी हिशेब होतो, आणि तो हिशेब मेंदूत आणखी पुढे चालू राहतो. कडा ओळखायला, पानांआडचे पिकलेले फळ दिसायला ही व्यवस्था फार उपयोगी आहे. डोळा हा वजनाचा काटा नाही; दोन वस्तूंतला फरक सांगणे हे त्याचे काम.

येथे एक गुंतागुंत आहे, आणि ती सोडून पुढे जाणे बरे नाही. कापड शेजाऱ्यावर पूरक झाक टाकते हे खरे. पण उन्हात उभे राहिल्यावर कापडावरून उडालेला खराखुरा रंगीत प्रकाशही हनुवटीवर, गळ्यावर, पुढे घेतलेल्या वेणीवर पडतो. तांबड्या छत्रीखाली चेहरा तांबडा दिसतो तो असा. म्हणजे भासाचा परिणाम एका दिशेने आणि परावर्तनाचा बरोबर उलट दिशेने. दोघांत कोण जिंकेल? ऊन प्रखर आणि कापड चकचकीत असेल तर परावर्तन; मंद, सर्वत्र पसरलेल्या उजेडात भास. "सकाळी छान दिसत होती, दुपारी कशी तरीच" ह्या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. शेव्रलने ह्यावर एक युक्ती सुचवली होती. न मानवणारा रंग अंगाला थेट भिडू देऊ नये, मध्ये पांढऱ्या जाळीची चुणीदार पट्टी लावावी. जाळीचे पांढरे धागे आणि मधल्या काळ्या फटी मिळून डोळ्याला करडा रंग दिसतो, आणि करडा रंग दोन शेजाऱ्यांमधले भांडण मिटवतो. आपल्याकडे साडीचे काठ हे काम फार पूर्वीपासून करीत आले आहेत. इरकली लुगड्याचे गर्द अंग, त्याचा तांबडा काठ आणि वर निराळ्या रंगाची चोळी असली, की अंगाचा रंग केसांपर्यंत थेट पोचतच नाही.

आता मावशीचा पहिला प्रयोग, उजेडाचा. जुना तारेचा दिवा तांबूस-पिवळा प्रकाश भरपूर देई आणि निळा फार थोडा. त्याखाली गर्द निळी साडी काळी दिसे आणि तपकिरी केस सोन्यासारखे चमकत. हल्लीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात बहुधा निळा प्रकाश देणारा एक कण असतो, आणि त्यावरील पिवळ्या लेपातून उरलेले रंग तयार होतात. स्वस्त दिव्यांत गडद तांबडा भाग अगदीच अपुरा असतो. त्याखाली डाळिंबी साडी मलूल दिसते आणि पिंगट केसांतली ऊब नाहीशी होते. शिवाय दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. साडीवर 'तंतोतंत' जुळलेला ब्लाउज घरी आल्यावर निराळा निघतो तो ह्यामुळे. दुकानदाराने फसवलेले नसते.

उजेडाविषयी मेंदूचा अंदाज चुकला तर काय होते, हे २०१५ साली साऱ्या जगाने पाहिले. स्कॉटलंडमधील एका लग्नासाठी घेतलेल्या पोशाखाचे छायाचित्र पसरले. निम्मे लोक म्हणत पोशाख निळा-काळा आहे, दुसरे शपथेवर सांगत पांढरा-सोनेरी आहे. पोशाख खरोखर निळा-काळा होता. ज्यांच्या मेंदूने तो निळसर सावलीत असल्याचे गृहीत धरले, त्यांनी तेवढा निळा वजा केला आणि त्यांना तो पांढरा दिसला. तेव्हा मोबाइलवरच्या चित्रात पाहून साडीच्या रंगावर भांडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

छायाचित्राचे डोळे आपल्याहून निराळे असतात, हे कोल्हापूरला तर शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते. बाबूराव पेंटर येथे मूकपट काढीत त्या काळची नेहमीची फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. तांबडे वस्त्र पडद्यावर काळे येई, निळे आकाश पांढरेफटक, आणि तपकिरी केस असतात त्याहून गडद. पुढे कोल्हापुरातच १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायचा धाडसी प्रयत्न केला आणि त्याच्या प्रती जर्मनीत तयार करवल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत. पडद्यावर रंग आणणे म्हणजे प्रत्येक रंगाचे त्याच्या शेजाऱ्याशी जमवणे, आणि ते केवळ रसायनांनी जमत नाही.

आता त्या निकालाकडे येऊ. "हिला हा रंग खुलत नाही." ह्या एका वाक्याने किती मुलींनी आवडते रंग आयुष्यभर अंगाला लावले नसतील! त्यात पिवळ्याची गोष्ट नेहमीची. सावळ्या मुलीला फिका पिवळा शोभत नाही म्हणतात. ह्यात भौतिकशास्त्राचा भाग एवढाच, की उजळ कापडाशेजारी कोणतीही त्वचा आणि कोणतेही केस अधिक गडद दिसतात. गोऱ्या मुलीचेही दिसतात. अधिक गडद दिसणे म्हणजे वाईट दिसणे, हे वाक्य मात्र कोणत्याही वर्णपटात लिहिलेले नाही. ते आपण बाहेरून आणून जोडले आहे. शेव्रलच्या ग्रंथातही हा दोष आहे. त्याचे बरेचसे सल्ले गोरी कातडी अधिक गोरी कशी दिसेल ह्यासाठीच आहेत. त्याचा नियम आजही टिकून आहे, पण त्याची आवड आपण उसनी घेण्याचे कारण नाही. बहिणीला केशरी आवडत असेल आणि त्याशेजारी केस थोडे राखट दिसत असतील, तर केशरी नेसून अंबाड्यावर पांढरा गजरा माळावा, म्हणजे केस लगेच गडद दिसू लागतात. केस तेच, साडी तीच. एक शेजारी वाढवला की काम भागते.

पन्हाळा कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरवर आणि बराच उंच. बॅग भरताना तेथला शेजारही धरला पाहिजे. मे महिन्यात गेलात तर वाळलेले गवत, तांबडी माती आणि जांभ्या दगड, सगळाच प्रदेश तपकिरीच्या कुळातला. त्यात तपकिरी केस आणि बदामी साडी हरवून जाते. तेथे निळा किंवा मोरपंखी हवा. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो आणि तपकिरी केस आपोआप तांबूस दिसू लागतात. तेव्हा साडी कोणतीही चालेल, फक्त पोपटी नेसून हिरवळीवर बसू नये, छायाचित्रात नुसते डोके तेवढे उरते. भर दुपारच्या सावलीत उजेड आकाशाचा, म्हणून निळसर असतो. मावळतीचे ऊन तांबूस असते. त्या पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी केस जितके सुंदर दिसतात तितके दिवसभरात दिसत नाहीत. सूर्य बुडाला की डोळ्यातल्या मंद उजेडाच्या पेशी काम हाती घेतात. त्यांना तांबडा प्रकाश दिसत नाही, निळा-हिरवा चांगला दिसतो. तांबडी साडी काळवंडते, निळी राखी-उजळ राहते, आणि केस कोणते तपकिरी आणि कोणते काळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर नवे जोडपे बहुधा जोतिबाला जाते. तेथे गुलालाची मूठ डोक्यावर पडली की केस, साडी, सदरा, सगळे एकाच गुलाबी रंगाचे होतात. मग शेजाराचा नियम लावायला दुसरा रंगच शिल्लक राहत नाही.